रुईवरचा साया

चाचा, परवा कडक उन्हात पुंडलिकनगरच्या पलीकडच्या त्या मोकळ्या प्लॉटवर गेलो होतो. तीन बाजूंनी इमारती उठल्यात, टँकर पुन्हा सुरू झालेत, रुई मात्र तशीच फुललीय. तुमच्या स्टुडिओत नवा लागलो त्या दुष्काळात तुम्ही मला फुलांचे फोटो शिकवायला तिथंच न्यायचात, कारण गावात दुसरं काही फुललेलंच नसायचं. "उभ्यानं फोटो घेतो व्हय? फूल काय हिरीत पडलंय? खाली बस, त्याच्या तोंडाला तोंड दे," म्हणत माझी नवी पँट मातीत लोळवायचात. वारा थांबेपर्यंत श्वास धरायला लावायचात. ऊन फार झालं की स्वतः सूर्याकडं पाठ करून उभे राहायचात. "फूलकू साया देना पडता." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलोच. आमच्या गल्लीत साया म्हणजे फक्त भूतबाधा. तुम्ही पोट धरून हसलात. "अरे येडे, जित्या माणसाचा साया हाय हा!" तुमच्या सावलीत त्या पाकळ्यांचा जांभळा रंग फोटोत असा उतरायचा की बस्स.

तुम्ही गेल्यापासून तिथं एकटाच जातो. या उन्हाळ्यात पालथा पडून फोकस लावत होतो, तर फुलावर सावली आली. आभाळात ढगाचा ठिपका नाही, इमारतींच्या सावल्या पलीकडच्या अंगाला. मागं वळून बघितलं, कुणी नाही. फोटो मात्र सुरेख आला, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. ताप भरला. बायको म्हणाली, ऊन लागलं. तरी पुन्हा गेलो. पुन्हा सावली.

मग तुमची मुलगी आली. तिच्याकडं तुमचा एकही फोटो नाही. तुम्ही जन्मभर दुसऱ्यांचेच काढलेत. स्टुडिओच्या जुन्या पेट्या उपसल्या, एक मिळाला नाही. प्लॉटवर आता पाया खणायला घेणार आहेत, म्हणून मी तिला घाईनं तिथं नेलं. सावलीबद्दल अवाक्षर काढलं नाही. लांब उभा राहिलो, कॅमेरा डोळ्याला लावून. ती रुईपाशी बसली, फुलावर वाकली आणि सावली आली, चांगली खांद्यासकट, तिच्या पाठीवरून फुलापर्यंत. ती वळली नाही. फुलाकडं बघतच हळू आवाजात म्हणाली, "अब्बा, इत्ती धूप में नको खडे रहो."

चाचा, सगळं फ्रेममध्ये होतं. मी बटण दाबलंच नाही. दाबलं आणि फोटोत नुसतंच ऊन निघालं तर, याची धास्ती वाटली. तिला सांगितलं, फोटो हलला.