सोसायटीच्या लॉनवरची दूर्वा

८ जून, सोमवार
अनवलोभन उरकलं एकदाचं. मागच्या वर्षी सायलीचं दहाव्या आठवड्यात गेलं, तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या वेळी हा विधी करायचाच. गर्भ टिकावा म्हणून दूर्वांचा रस सुनेच्या उजव्या नाकपुडीत. सा. म्हणाली, "आई, माझा विश्वास नाही. पण तुम्हाला बरं वाटणार असेल तर करू."

कुंडीतली माझी दूर्वा बाल्कनीत ऊन नाही म्हणून पिवळी, लुळी. मजला चौदावा असला तरी बाल्कनीचं तोंड उत्तरेला! सकाळी खाली जाऊन लॉनमधून मूठभर खुडली. दोनदा धुतली, वाटली, फडक्यातून पिळली. चार थेंब. सा. जोरात शिंकली, निखिल हसला. मी सुखात.

९ जून, मंगळवार
कुंडीत नवी लावायची म्हणून दोन-दोन पेरांचे तुकडे आणायला खाली गेले. पेर मातीत खोचलं की आठवड्यात मुळं धरतात. माळी बसप्पा (विजापूरकडचा, मराठी छान बोलतो) धावत आला. "अक्का, ह्या पट्ट्यातलं घेऊ नका. शनिवारी तणाला औषध मारलंय की. स्वल्प दिवस थांबा."
शनिवारी. आणि मी सोमवारी.
बोर्ड नव्हता का? होता म्हणे, पलीकडच्या फाटकाला.

१० जून
औषध असं की रुंद पानांचं तण तेवढं मरतं, गवताला काही होत नाही. म्हणून तर माझ्या हातातली दूर्वा हिरवीगार होती. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. दूर्वेचं जमिनीवरून धावणारं खोड, खालचं खोड, उन्हाळ्यात वाळली तरी आतून जिवंत, फळ्यावर किती वेळा काढलं असेल. माळ्याला एक प्रश्न विचारायची अक्कल मात्र झाली नाही.
औषधाच्या दुकानात विचारलं. पोरगेला माणूस, मोबाइलमधून मान वर न करता: "डॉक्टरना केळी, अम्मा." कन्नडमध्ये केळी म्हणजे विचारा. डॉक्टरांना विचारायचं म्हणजे सा.ला सांगायचं.

१२ जून
सा.ने दोनदा उलटी केली. तिसऱ्या महिन्यात होतातच. होतातच ना? मला निखिलच्या वेळी पाचव्यापर्यंत होत होत्या. तरी बाथरूमच्या दाराशी कान लावून उभी.
"आई, काय झालं?"
"काही नाही गं, टॉवेल हवा का विचारत होते."
खोटारडी.

१५ जून, सोमवार
सा.ने मीटिंग अर्धी सोडली. ओटीपोटात दुखतंय म्हणाली. तासाभराने थांबलं, मग उठून चक्क भेळ मागवली. मी देवाजवळ जाऊन बसले, पण विधीच्या दिवशी गणपतीला वाहून तशाच ठेवलेल्या जुड्यांकडे बघवेना. त्याही त्याच लॉनमधल्या. काढून टाकल्या.
चार थेंबांत असं किती असणार. दोनदा धुतली होती. पण वाटून पिळली म्हणजे पानातलं सगळं रसातच आलं की.

१८ जून, गुरुवार
उद्या स्कॅनिंग. आज दुपारी जेवताना सांगून टाकलं. निखिल ऑफिसात, आम्ही दोघीच. सगळं सांगितलं, बसप्पासकट. तिने घास खाली ठेवला.
"तुम्हाला कधी कळलं?"
"मंगळवारी. मागच्या."
उठून आत गेली, डॉक्टरांना फोन लावला. बाहेर आल्यावर चेहरा नेहमीसारखा. एवढ्याने सहसा काही होत नाही, उद्या बघू, असं डॉक्टर म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडतोय तोच:
"मला औषधाचं एवढं नाही वाटत, आई. नऊ दिवस तुम्ही माझ्याशी हसून बोलत होतात."
मी म्हणाले, तू घाबरशील म्हणून. ती म्हणाली, "घाबरायचा हक्क माझा होता."
खरं आहे. मी तिच्यासाठी गप्प नव्हते, स्वतःच्या भीतीपायी गप्प होते.

१९ जून, शुक्रवार
अकराची वेळ. रिंगरोडच्या गर्दीमुळे दोघं साडेनऊलाच निघाली. मी साडी बदलून, चपला घालून दाराशी. सा. म्हणाली, "आज नको, आई." रागाने नाही, हळूच. निखिल माझ्याकडे न बघता लिफ्टचं बटण दाबत राहिला.
चपला काढल्या. कुकर लावला, बंद केला.
बारा वाजून गेले. फोन समोर घेऊन बसलेय. दोघांपैकी कोणाचा तरी येईलच. तिचा यावा.