शेगडी बंद आहे का

प्रिय ठकू,

अक्षर वाकडंतिकडं येतंय, समजून घे. सुट्टीनंतर कॉलेजात आज तुझा पहिला तास. आणखी एकदा उशीर झाला तर प्राचार्य तरी तुला किती सांभाळून घेणार? सकाळी समोर उभी असून दूध उतू गेलं.

गंमत बघ, तू मुलांना मानसशास्त्र शिकवतेस. भीती मनात कशी रुजते, कशी निघते, सगळं फळ्यावर. आणि स्वतः मात्र घराला कुलूप लावून जिन्यात उभी राहायचीस आणि मला फोनवर विचारायचीस, आई, शेगडी बंद असेल ना? लोका सांगे ब्रह्मज्ञान! मीही काही कमी नाही. दुसऱ्या गावात बसून छातीठोकपणे सांगायची, बंद आहे गं बाई. तुला बरं वाटायचं, मलाही. लेकीला अजून आपण लागतो, हे सुख काही थोडंथोडकं नसतं.

म्हणून तुझ्या समुपदेशक बाईंचा मला रागच आला होता. म्हणे, माझ्या प्रत्येक 'हो'नं तुझी भीती पोसली जाते. मी म्हटलं, मग फोन कधीतरीच उचलते. तेव्हा तूच मला प्रयोगातला उंदीर समजावलास. कळ दाबूनही दाणा मिळेनासा झाला की तो आधी जोरजोरात दाबतो, मग नाद सोडतो. पण मधूनच एखादा दाणा पडला, तर दाबतच राहतो. सकाळी फोन उचलायचा नाही, असा शब्द तूच माझ्याकडून घेतलास. तरी परवा, कुलूप लावून निघायच्या सरावाच्या दिवशी, मला राहवलं नाही. मी उचलला, 'हो' म्हटलं, आणि तरीही तू शेगडी बघायला जिन्यातूनच परत घरात गेलीस.

आज हे पत्र का लिहितेय, सांगू? पहिल्या ओळीपासून फोन वाजतोय. थांबतो, परत वाजतो. उजव्या हातात पेन आहे, डावा मांडीखाली दाबून बसलेय. बाई म्हणाल्या होत्या, भीती चढेल आणि आपली आपण उतरेल. आई निष्ठुर झाली असं तुला वाटत असेल. वाटू दे. आत्ता थांबलाय. बराच वेळ झाला, वाजत नाही. तू जिना उतरलीस की परत कुलूप उघडलंस, कोण जाणे. आता मलाच तुला फोन करून विचारावंसं वाटतंय, निघालीस ना? म्हणून पेन खाली ठेवत नाहीये.

फोन न उचलणारी,
तुझीच आई