सरकवलेला पाइप पुन्हा अशक्य जागी ठेवण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
सॉफ्टवेअर स्थलांतर कक्ष,
संकल्पन विभाग, दुसरा मजला.

विषय : पंपघरातील कॉस्टिकचा पाइप प्रणालीच्या मते जिथे असूच शकत नाही, तिथे परत नेण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ :
१) पंपघराच्या फरशीवरची खडूची फुली. पुसलेली.
२) "आई, तुझी उशी इकडे आहे की तू आणतेस?" आवाजी निरोप, सात सेकंद.
३) सुतळीने बांधलेल्या सत्तावीस पेट्या. पोच नाही.
४) एकशे ऐंशी मिलिमीटर.
५) आपल्या कक्षाचे अभिनंदनपत्र, दि. १२.

महोदय,

१. अर्जदार ही या कारखान्यात सव्वीस वर्षे पाइपिंगची आरेखक आहे. कोणता पाइप कुठून निघून कुठे जातो हे आधी कागदावर आणि कागद गेल्यावर पडद्यावर काढणे, हे तिचे काम. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पाइपवाल्यांचे नकाशे वेगळे असत आणि बांधकामवाल्यांचे वेगळे. दोघांची गाठ जागेवरच पडे आणि जे काही भांडण व्हायचे ते तिथेच छिन्नी-हातोड्याने मिटे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खा कारखाना एकाच त्रिमितीय मॉडेलमध्ये आला. दोन वस्तू एका जागी दिसल्या की पडदा लाल होतो. प्रणाली याला 'टक्कर' म्हणते.

२. जुना साठा नव्यात नेण्याची कळ अर्जदाराने दाबली, कारण जुने सॉफ्टवेअर चालवता येणारी ती एकटीच उरली होती. जो कळ दाबेल तो मालक, असे प्रणालीने धरले. अर्जदार चहाला उठली तेव्हा तिच्या नावावर एक माउस होता. परत आली तेव्हा अडतीस हजार सहाशे बारा वस्तू होत्या. "जमीनदारीण झालीस की गं," असे शेजारच्या टेबलावरच्या विद्युत आरेखक बाई म्हणाल्या. त्या दिवशी सगळे हसले. अर्जदारही हसली.

३. अर्जदाराचे पती व मुलगी चार वर्षांपासून दुसऱ्या गावी राहतात. तिथल्या शाखेत बदलीसाठी तिने चार वेळा अर्ज केला. चौथा मंजूर झाला. अट एकच : नावावरच्या सर्व वस्तू टक्करमुक्त असाव्यात. टक्करी एक हजार नऊशे चार होत्या. त्यातल्या एक हजार नऊशे तीन अर्जदाराने चौदा महिन्यांत, प्रत्येक ठिकाणी टेप घेऊन जाऊन, खऱ्या मापाने सोडवल्या. हे सांगण्याची गरज नव्हती. पण पुढचे वाचण्याआधी आपण हे वाचलेले असावे, असे तिला वाटते.

४. उरलेली एक. सव्वीस वर्षांपूर्वी पंपघराचा पाया ओतताना साचा सरकला आणि पाया एकशे ऐंशी मिलिमीटर बाजूला गेला. तोवर कॉस्टिकचा पाइप आला होता. कॉस्टिक म्हणजे अंगावर पडल्यास कातडी सोलून काढणारे गरम द्रावण. पाया फोडणे शक्य नव्हते आणि पाइप वळवायला जागा नव्हती. तेव्हाच्या फिटरने पायाच्या कोपऱ्यातून बाही, म्हणजे पाइपाभोवतीची मोठी नळी, काढून पाइप सरळ आरपार नेला. हा फिटर म्हणजे अर्जदाराचे वडील. कारखान्यात त्यांना सगळे 'लेव्हलमास्तर' म्हणत. अर्जदार तेव्हा शिकाऊ होती. त्यांनी तिचा हात धरून पाइपवर ठेवला आणि म्हणाले, "नीट बघून घे. उद्या वर फरशी पडली की मलाही शपथेवर सांगता येणार नाही. तू काढून ठेव."

अर्जदाराने काढून ठेवले. तो कागद संदर्भ ३ मधील पेट्यांपैकी एकीत आहे. पेट्या स्कॅनिंगसाठी गेल्या, इतकेच अभिलेख विभाग सांगतो.

५. नव्या सॉफ्टवेअरच्या सल्लागारांना अर्जदाराने ही हकिगत तीनदा सांगितली. ते सभ्य गृहस्थ आहेत. "मॅडम, दोन भरीव वस्तू एका जागी असू शकत नाहीत," असे ते म्हणाले. "असू नयेत हे खरं, पण आहेत. मध्ये बाही आहे," असे अर्जदार म्हणाली. "मग बाहीचा नकाशा क्रमांक टाका, लगेच हिरवं होईल." नकाशा पेटीत, पेटी सुतळीत, सुतळी कुठे ते माहीत नाही.

६. (हा परिच्छेद अर्जदाराच्या पतींबद्दल होता. खोडला आहे. त्यांनी फक्त "ट्रक ठरवू का?" इतकेच विचारले होते, आणि ते रोज विचारत होते.)

७. दि. १२ रोजी दुपारी अर्जदाराने मॉडेलमधला पाइप एकशे ऐंशी मिलिमीटर सरकवला. पडदा हिरवा झाला. चार वाजता कार्यमुक्तीचा आदेश व आपले अभिनंदनपत्र आले, पाच वाजता अर्जदाराचे खाते बंद झाले. त्या दिवशी ती घरी चालत गेली आणि वाटेत तिने मुलीसाठी कंपासपेटी घेतली.

८. दि. १३ रोजी ओळखपत्र जमा करायला गेली असता सूचनाफलकावर कागद दिसला : पंपघरात नवा पंप बसणार, त्यासाठी फरशीत बारा भोके, प्रत्येकी चारशे मिलिमीटर खोल, मंगळवार दि. २०, सकाळी साडेसात. अर्जदाराने फलकापाशी उभे राहून बोटांवर हिशेब केला. सातवे भोक पाइपच्या बरोबर मध्यावर येते. पाइप चालू आहे आणि या कामासाठी तो बंद होणार नाही, कारण मॉडेलप्रमाणे तो तिथे नाहीच. काँक्रीटच्या आत पाहणारे यंत्र पूर्वी भाड्याने आणत. मॉडेल आल्यापासून तो खर्च वाचला आहे.

९. अर्जदाराने केलेले प्रयत्न :

दि. १४. तात्पुरता पास काढून फरशीवर खडूने फुली मारली. अनधिकृत खूण म्हणून सुरक्षा विभागाने ती तासाभरात पुसली. ड्रिलवाल्यांचे मुकादम, ज्यांच्या हातात मंगळवारी यंत्र असेल, म्हणाले, "ताई, तुमचं खरं असेलही. पण माझ्या टॅबवर हिरवं आहे, आणि तुम्ही टॅबवर नाही."

दि. १५. आपल्या कक्षात चौकशी केली. वस्तू हलवण्यासाठी मालकाचाच अर्ज लागतो, असे सांगण्यात आले. मालक मीच, असे अर्जदार म्हणाली. आपल्या लिपिकांनी पाहिले आणि म्हणाले, "हो, तुम्हीच आहात की. पण खातं बंद आहे. म्हणजे मॅडम, मालक तुम्ही आहात, पण तुम्ही नाही आहात." खाते उघडायला हजेरीपटावर असावे लागते. हजेरीपटावर यायला बदली रद्द व्हावी लागते. रद्द झालेली बदली पुन्हा मागायला चार वर्षांची अट आहे. मुलगी तोवर सतरा वर्षांची होईल.

त्याच संध्याकाळी अर्जदाराने वडिलांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "सरकवलास? इथं बसून? आम्हाला तेव्हा सांगायचंस, तीन दिवसांची हमाली वाचली असती." नंतर ते जेवले नाहीत.

१०. तरी अर्जदाराची विनंती अशी की :

(अ) अर्जदाराची बदली रद्द करावी. हे वाक्य तिने चार कागदांवर लिहून फाडले आहे. पाचव्यावर ते आपल्यासमोर आहे. पतींना तिने कळवले आहे. त्यांनी आज ट्रकचे विचारले नाही.

(आ) खाते उघडून पाइप मूळ जागी नेऊ द्यावा आणि पडदा लाल होऊ द्यावा. एक हजार नऊशे चारपैकी एक टक्कर शिल्लक राहिल्याने कक्षाचा अहवाल बिघडेल, याची तिला जाणीव आहे.

(इ) अर्जावर सात कामकाजाचे दिवस लागतात, असे आपला फलक सांगतो. मंगळवारला दोन उरलेत, त्यातला एक रविवार. तेव्हा तोपर्यंतची सोय म्हणून सातव्या भोकाच्या जागी 'उभा माणूस' ही वस्तू ठेवावी. उद्घाटनाच्या सादरीकरणात आपल्या कक्षाने अशा एकशे चाळीस आकृत्या जागोजाग उभ्या केल्या होत्या, त्यांना मालक लागत नाही. आणि जिथे माणूस दाखवलेला आहे तिथे टॅब भोक पाडू देत नाही, हे सल्लागारांनीच सांगितले आहे. प्रणालीतील माणूस एक हजार सातशे पन्नास मिलिमीटर उंच आहे. अर्जदार एकशे दहाने कमी भरते, तेवढे चालवून घ्यावे.

कक्षाकडून खोटी नोंद झाली असे होऊ नये, म्हणून मंगळवारी सकाळी सातपासून अर्जदार त्या जागी प्रत्यक्ष उभी राहील. सोबत फाटकाचा पास मिळावा. पास एका दिवसाचा असल्यास रोज नवा मिळावा. किती दिवस, हे आपल्या निर्णयावर आहे. बसण्यासाठी काही मागणी नाही.

तसदीबद्दल क्षमस्व.

आपली नम्र, आणि अजून इथेच असलेली,
(सही)
वरिष्ठ आरेखक, पाइपिंग (खाते बंद)
दि. १७, शनिवार

सोबत :
१. कार्यमुक्तीचा आदेश, मूळ प्रत, परत करण्यासाठी.
२. फरशीचा फोटो, फुली पुसल्यानंतरचा.
३. पाइपच्या जागेचा कच्चा नकाशा, वडिलांनी आठवून काढलेला. हात थरथरतो, माप बरोबर आहे.

ता. क. दि. १२ रोजी, पाइप सरकवण्याआधी दहा मिनिटे, अर्जदाराने वडिलांना फोन केला होता. जेवलात का, एवढेच विचारून तिने तो ठेवला.