पुलापलीकडे लावलेली गाडी

प्रिय ग्लेन,

पाकीट हाताला जड लागलं असेल. आतली पुडी आत्ता उघडू नकोस, आधी हे सगळं वाच. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू "हो आई, बरं आई" करत अर्ध्यातच ठेवून देतोस, आणि मला आज अर्ध्यात थांबायचं नाहीये. रविवारी तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही.

तुझ्या बाबांना काय हवं होतं रे? बेसबॉलची एक मॅच. तुझ्या शेजारी बसून, ते हिरवंगार मैदान डोळ्यांनी बघत, एक मॅच. घरी टीव्ही आहे, रेडिओ आहे, पण नाही, तिथेच जायचं, तुझ्याबरोबर, आणि याच उन्हाळ्यात. फेब्रुवारीपासून धोशा लावला होता त्यांनी. आणि तू काय केलंस? फोनवर दोन तिकिटं पाठवलीस, स्टेडियमखालच्या पार्किंग गॅरेजमधली जागा पाठवलीस, तीही फोनवरच, आणि स्वतः ऑफिसातल्या मित्रांबरोबर त्यांच्या गाडीतून गेलास. वर शहाणपण शिकवलंस, "बाबा, ते पुलापलीकडचं खूळ आता पुरे."

खूळ! चाळीस वर्षं या माणसाने नदीपलीकडे न्यूपोर्टला चर्चच्या आवारात गाडी लावली, तोंड रस्त्याकडे करून, आणि पूल चालत ओलांडून सिनसिनाटी गाठलं. त्याच पुलावर तू त्यांच्या खांद्यावर बसून शेंगा खाल्ल्यास आणि टरफलं त्यांच्या टोपीत टाकलीस. गॅरेजवाल्यांना ते म्हणायचे, "माझी गाडी तीन तास उभी राहणार आहे, हनिमूनला नाही आलेली." आणि नवातली सातवी इनिंग संपली रे संपली की आपल्याला बखोटीला धरून उठवायचे, गर्दीच्या आधी पूल गाठायला. कितीतरी मॅचचा शेवट आपण गाडीतल्या रेडिओवर ऐकलाय. तू भोकाड पसरायचास, मी पुटपुटत राहायचे. हट्टी आहे माणूस, मान्य. पण त्या वाटेवरचा दगड न दगड त्यांच्या पायाला ठाऊक होता.

रविवारी तुझं ऐकून त्यांनी गाडी थेट शहरात घातली. अर्धे रस्ते पोलिसांनी बंद केलेले. तुझ्या त्या गॅरेजला तीन दारं, तिन्हीवर वेगळ्या पाट्या, आणि मी तुझा फोनवरचा निरोप डोळ्यांसमोर धरून आपलं दार कुठलं ते शोधतेय. पहिल्या दारावरच्या माणसाने हाकललं, "आजी, तुमचं मागच्या बाजूला." मागे गेलो तर तिथून गाड्या नुसत्या बाहेर पडतायत. चार फेऱ्या झाल्या. राष्ट्रगीत आम्ही गाडीत बसून ऐकलं. तेवढ्यात तुझा फोन, "बाबा, जन्म गेला या गावात आणि एक गॅरेज सापडेना? म्हातारे झालात की काय!" मागे तुझे मित्र खिदळले. बाबाही हसले, म्हणाले, "अरे, ऐटीत येतोय, तुम्ही करा सुरू." फोन ठेवला आणि गाडी पुन्हा त्याच फेरीवर वळवली. दोन जिने उतरून रस्त्यावर आला असतास तर काय बिघडलं असतं तुझं? हातातली बिअर गरम झाली असती, दुसरं काय!

पाचव्या फेरीला चौकात एक पोलीसबाई हात वर करून उभी होती. अगदी समोर, पिवळं जाकीट घालून. बाबा थांबलेच नाहीत. मी किंचाळले तेव्हा ब्रेक लागला, आणि तिने बॉनेटवर थाप मारली. खिडकीशी वाकून म्हणाली, "आजोबा, डोळे मिटून चालवता का?" तिचं काही चुकलं नाही. पुढे चुकीच्या लेनमधून ढकलले जात आम्ही पुलावरून पलीकडेच गेलो, आणि गाडी आपसूक चर्चच्या आवारात जाऊन उभी राहिली. पाचवी इनिंग चालू होती. "चला, अजून वेळ आहे, चालत जाऊ," मी म्हटलं, तर म्हणाले, "नको गं, आता पायात बळ नाही."

मग चर्चच्या पायरीवर बसलो, गाडीचं दार उघडं टाकून, रेडिओ लावून. नदीवरून लोकांचा ओरडा आधी यायचा आणि काय झालं ते रेडिओ नंतर सांगायचा. प्रत्येक ओरड्याला ते माझ्याकडे मान वळवायचे आणि ऐकत थांबायचे. सातवी इनिंग संपली तसे उठले. "चल, गर्दीच्या आधी निघू." मला हसू आलं, आणि लगेच रडू. गाडी घरापर्यंत मी आणली, अकरा वर्षांनी. दारात पोहोचतोय तर तुझा मेसेज, "पुढच्या वेळी जरा वेळेवर निघा!" आणि पुढे ते डोळा मारणारं तोंड. माझ्या समोर असतास ना, तर या वयातही कानाखाली खाल्ली असतीस.

आता ऐक. बाबांची नजर चाललीय. फेब्रुवारीत डॉक्टरांनी सांगितलं, समोरचं मधोमध पुसट होत जाईल, पानं गळेपर्यंत जेमतेम टिकेल, मग कडेकडेचं तेवढं राहील. तेव्हापासून गाडीत शेजारी बसून लाल, हिरवा, डावीकडे, थांबा, हे मी सांगतेय. त्यांनी शपथ घातली होती, ग्लेनला कळू द्यायचं नाही, तो किल्ली काढून घेईल. मूर्खासारखी मी ती पाळली, आणि रविवारी त्या पोलीसबाईला आम्ही उडवलंच असतं. तेव्हा या पत्रातला अर्धा राग माझा माझ्यावरच आहे. उरलेला तुझा तू घे. आता पुडी उघड. गाडीच्या दोन्ही किल्ल्या आहेत. सोमवारपासून ते घरभर शोधतायत आणि मीही त्यांच्याबरोबर सोफ्याखाली वाकून शोधल्यासारखं करतेय. येत्या रविवारीही मॅच आहे, दुपारी ये, एकटा. किल्ल्या आता तुझ्याकडे आहेत, हे त्यांना तूच सांग. गाडी न्यूपोर्टला लाव, तोंड रस्त्याकडे करून. पुलावर त्यांच्या चालीने चाल, समोर नको, बाजूला राहा, म्हणजे तू त्यांना दिसशील. शेंगा मी भाजून ठेवते. आणि सातवी इनिंग संपली की ते उठतील. उठू देऊ नकोस.

तुझीच, अजून धुसफुसत असलेली,
आई