कीर्तनातलं मराठी

केतकीस,

तुझ्या बाबांची बँकेतून पुन्हा पुण्याला बदली झाली हे कळलं होतं. निरोप द्यायला यायचं तोंड मला नव्हतं. हे तुझ्याकडून शिकलेल्या पुणेरी मराठीत लिहितोय.

हजेरी कमी पडली म्हणून कॉलेज सोडलं, असं घरी सांगितलंय. खरं कारण तुझा कान. त्या दिवशी कँटीनमध्ये एक इअरफोन तुझ्या कानात, दुसरा माझ्या, आणि तुझी ती जुनी इंग्रजी प्रेमगीतं. "काय म्हणतोय तो? तुमच्या मराठीत सांग ना," तू म्हणालीस. शेकडो वर्षांपूर्वी या तमिळ मुलखात आलेल्या आमच्या पूर्वजांची जी मराठी घरी बोलतो, तिच्यात मी सांगितलं, "तुजवांचून मजला गमत नाहीं."

तू खळखळून हसलीस. "अय्या, हे तर कीर्तनातलं मराठी! परत म्हण." तुझं बघून शेजारची तमिळ पोरंही हसली. माझं डोकं फिरलं. मी वायरला हिसका दिला, ती तुझ्या डुलात अडकली आणि कानाच्या पाळीतून रक्त आलं.

आता मामांच्या पितळी दिव्यांच्या दुकानात बसतो. दिवे पुसताना तीच गाणी ऐकतो. काल ते गाणं नीट कळलं. तो विरहाचं बोलतच नाही गं, तो माफी मागतोय. मी अर्थच चुकीचा सांगितला. आणि "परत म्हण" हा टोमणा नव्हता, हेही कालच कळलं.

तुझा पत्ता कुणाला विचारायची लाज वाटते, म्हणून हे पत्र दिव्यांच्या खोक्यातच राहील. आमच्या घरी माणसं एकमेकांची माफी मागत नाहीत. भजन संपल्यावर देवापुढे म्हणतात तेवढंच मला येतं.

मजला क्षमा करावी. हसलीस तरी चालेल.

विष्णुवर्धन
कुंभकोणम्