गुंडी गाते

४ मार्च
स्वयंपाकघरात पक्षी शिरला असंच वाटलं. खिडकी तर बंद. पंख्यामागे पाहिलं, कपाटावर पाहिलं – काही नाही. आवाज पिंजऱ्यातून येत होता! आमची गुंडी – ओंजळीत मावेल एवढी गिनीपिग – जागच्या जागी खिळलेली. डोळे उघडे, नजर कुठेच नाही. गळा थरथरतोय आणि त्यातून एकसारखी चिवचिव. शेजारी तिची जोडीदार ढेरी, तोंडात गवताची काडी धरून दगड झालेली. चावायचंही विसरली.
मग गुंडी थांबली आणि खायला लागली. जणू काही झालंच नाही. माझ्या अंगावर अजून काटा आहे.

५ मार्च
ह्यांना सांगितलं. म्हणाले, झोप होत नाहीये तुझी.

८ मार्च
पुन्हा! भर दुपारी, आणि वन्संसमोर. वन्संनी जन्मभर गाणं शिकवलं. घशाच्या ऑपरेशनपासून तोंडातून शब्द नाही. आवाज येईल, प्रयत्न करा, असं डॉक्टर सांगून थकले. ह्या प्रयत्नच करत नाहीत. सगळं पाटीवर लिहून. घरात रेडिओ लावलेलाही खपत नाही. बहिणीला सोबत म्हणून तर ह्यांनी ही जोडी आणली.
वाटलं, आता उठून जातील. नाही गेल्या. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत बसल्या.

११ मार्च
छातीत काही बिघाड तर नसेल? गुंडीला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी छाती तपासली, दात पाहिले – ठणठणीत. मग मोबाइलवर तिचा आवाज ऐकवला, तर हातातलं ठेवून खुर्चीत बसलेच. इतक्या वर्षांत एकदाच कानावर आलाय म्हणाले. कुणी म्हणतं भीतीनं करतात, कुणी म्हणतं सोबतीसाठी. मग खरं काय, विचारलं.
"नीटसं कुणालाच माहीत नाही, बाई. ऐकायला मिळतंय तर ऐकून घ्या."
बसमध्ये खोका मांडीवर. आत एवढासा जीव, आणि त्याच्या गळ्यात काय चाललंय ते शहाण्यासुरत्यांनाही कळत नाही! उगाचच डोळे भरून आले.

१५ मार्च
काही नाही. नुसती काकडीसाठी कुई-कुई.

१७ मार्च
आज ह्यांनीही ऐकलं. हळूच उठून पंखा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

१९ मार्च
चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून लवकर सुटले. दार उघडलं तर गुंडी गातेय आणि वन्सं पिंजऱ्यासमोर चक्क जमिनीवर – गुडघे एवढे दुखतात तरी! बोटं मांडीवर हलत होती. चपला न काढता तशीच उभी राहिले.

२२ मार्च
गुंडीचं संपलं. हे पंखा लावायला उठले.
"वरचा सूर जरा चढा लागतोय हिचा," वन्सं म्हणाल्या.
पाटीवर नाही. तोंडानं.