हातमागाचा निबंध

प्रिय महादेव,

तू गेलास त्याला चार वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुला लिहितोय. कारण आज माझं डोकं फिरलंय!

आपल्याच कॉलेजात मी इंग्रजीचा ट्यूटर झालो. इंटरच्या मुलांचं लिहिणं-वाचणं सुधारायचं, म्हणून आपल्या त्याच प्रोफेसरसाहेबांनी मला त्यांच्या नोट्सची वही दिली. "हे उतरवून द्या, पाठ करून घ्या," म्हणाले. वही उघडली, तर आदर्श निबंधांत तिसरा तुझा! 'माय होम'. शब्दन् शब्द तुझा, आणि नाव कुणाचंच नाही.

आठवतं ना रे? आम्ही सगळ्यांनी पुस्तकातलं घर घोकून लिहिलं होतं. आत फायरप्लेस, बाहेर बर्फ. नागपुरात बर्फ! त्याला शाबासकी मिळाली. तू मात्र कोष्टीपुऱ्यातलं तुमचं घर लिहिलंस. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेले वडील, मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी आई, खळीचा वास. आणि साहेबांनी तुला भर वर्गात उभं करून विचारलं, "कुठून चोरलंस?" अरे, कोणत्या विलायती पुस्तकात तुझ्या बापाचा माग असणार होता? एवढंही त्यांना सुचू नये?

रविवारची अख्खी दुपार तू लिहीत होतास आणि मी शेजारी बसून डिक्शनरीतून शब्द काढून देत होतो. त्या दिवशी वर्गात तू माझ्याकडे पाहिलंस. मी बाकाकडे पाहिलं. नापास करतील म्हणून घाबरलो रे.

फाटकापाशी तू एवढंच म्हणालास, "जाऊ दे गा. मले मालूम हाय, तुले मालूम हाय." मग कॉलेजच सोडलंस, मागावर बसलास आणि तापात गेलास. भांडला का नाहीस? माझी गचांडी का नाही धरलीस? तुझ्या त्या समजूतदारपणाचा मला अजून राग येतो.

संध्याकाळी वही घेऊन तुझ्या आईकडे गेलो. निबंध मराठीत करून सांगितला. ती पदर तोंडाशी धरून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हाया लेकानंच लिवलं ना हे? मंग तू तवा काहून नाई बोल्ला, बाबू?"



उद्या अकराच्या तासाला हाच निबंध मुलांना देणार आहे. फळ्यावर आधी तुझं पूर्ण नाव लिहीन. तू लिहिलास तेव्हा मी शेजारी होतो आणि विचारलं तेव्हा गप्प बसलो, हेही त्यांना सांगेन. साहेबांना त्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसायची विनंती केली आहे.

तुझा,
दत्तू